नंदीबैल दिवा

५ जानेवारी १९९८, सोमवार

आज सकाळी ट्रॅक्टरने एक जुनी जीप ओढत आणून दुकानापुढे सोडली. तिच्या पुढच्या काचेच्या चौकटीवर बसवलेला लाल दिवा पाहिला आणि माझ्या हातातला पाना खाली पडला. हा दिवा मी जन्मात पाहिला नव्हता, पण त्याच्यावरून झालेल्या टवाळ्या ऐकतच मी लहानाची मोठी झाले.

जीप नानासाहेबांची. पैठण रस्त्यावर त्यांची मोसंबीची बाग आहे, आणि आवाज असा की ते बांधावर बोलले की शेजारच्या शिवारातली माणसं मान वर करतात. त्यांच्या वडिलांनी ही विलिज जीप पोलिसांच्या लिलावात घेतली होती. कित्येक वर्षं ती गोठ्यामागे कडब्याखाली पडून होती. आता शहरातल्या हौशी लोकांनी जुन्या मोटारींची फेरी काढायचं ठरवलंय. आठ फेब्रुवारीला क्रांती चौकातून निघायचं, दौलताबादचा घाट चढायचा आणि वेरूळला पोचायचं. ज्या गाडीचं मूळ सामान वाटभर चालू राहील तिला करंडक.

"इंजिनाचं माझा मिस्तरी बघतोय, ताई," नानासाहेब म्हणाले. "दिवा तेवढा तुमी जागा करा. पोलिसाच्या गाडीला दिवा नाय, म्हंजे नवरदेवाला मुंडावळ्या नाय."

मी होकार दिला. हा दिवा माझ्या वडिलांनी, तात्यांनी, केलाय हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

दुपारी जेवण झाल्यावर तात्या बाहेर आले. जीपकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "ही गाडी माझ्या दारात नको." मी म्हटलं, दुकान आता मी चालवते, तेव्हा दारही माझंच. ते आत गेले आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. म्हणे डोळ्यांवर ऊन येतं. त्या खोलीत ऊन येतच नाही, पण पंचाहत्तरीत डोळ्यांचं असंच होत असावं. त्यांना एकदा डॉक्टरांकडे नेलं पाहिजे.

७ जानेवारी, बुधवार

डोक्यात सारखं तेच घोळतंय, म्हणून एकदाचं लिहून काढते.

१९४८च्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत इथल्या पोलिसांकडे लष्कराच्या जुन्या जीपा आल्या. दिव्यांची मात्र ज्याची त्याची तऱ्हा. कुणी हेडलाइटला तांबडं कापड बांधायचं, कुणी मडगार्डवर रेल्वेचा कंदील टांगायचं. एका गाडीत तर दिव्यापुढे पत्र्याची झडप होती आणि मागे बसलेला शिपाई दोरी ओढून तिची उघडझाप करायचा. शिपायाला डुलकी लागली की दिवाही डोळा मिटायचा. १९५३ साली तात्या तिशीत होते. शहागंजात त्यांचं डायनामो दुरुस्तीचं दुकान होतं आणि डोकं कायम तापलेलं. ते पोलिसांना म्हणाले, मी असा दिवा देतो की त्याला दोरी ओढायला माणूस लागणार नाही आणि फिरवायला बॅटरी लागणार नाही. त्यांनी काच पुसायच्या वायपरचं यंत्र घेतलं, त्याच्या दांडीवर दिवा चढवला आणि भंगारातली सिग्नलची लाल काच लावली. दिवा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे मान हलवायला लागला. तो बघायला माणसं जमायची. लोकांनी नाव ठेवलं नंदीबैल. तेव्हा त्यात कौतुक होतं.

मग उन्हाळ्यात ही जीप सरकी चोरून नेणाऱ्या एका ट्रकमागे लागली, आणि ऐन पाठलागात दिवा एका बाजूला तोंड करून उभा राहिला. पुढच्या बैलगाड्यांना मागून पोलीस येताहेत हे कळलंच नाही. त्यांनी वाट सोडली नाही आणि ट्रक निसटला. फौजदाराने तात्यांना भर चौकात सुनावलं, पुन्हा जीपला हात लावायचा नाही असं बजावलं आणि गाडी दुसऱ्या ठाण्याला धाडून दिली. त्या दिवसापासून नंदीबैल हे नाव तात्यांना चिकटलं. "नंदीबैलाचं दुकान कुठंय" असं विचारत गिऱ्हाईक यायचं. शाळेत मुली मला मान हलवून दाखवायच्या. सासरी दिरांनी हेच नाव काढलं तेव्हा मी ताट ढकलून उठले होते, आणि पुढे ते घर सोडून आले त्याच्या कारणांत हेही एक होतं. तात्यांनी मात्र त्यानंतर स्वतःच्या डोक्यातून काहीही बनवलं नाही. दुसऱ्याने बनवलेलं बिघडलं की दुरुस्त करायचं, एवढंच.

मला करंडकाशी देणंघेणं नाही. गिऱ्हाईकाचं काम आलंय, ते करायचं. पण दिवा चालला तर चार माणसांना दिसेल की तो चालतो.

११ जानेवारी, रविवार

दिवा चालला. आणि चालला नाही.

यंत्र उघडून साफ केलं, नवी रबरी नळी लावली, जुन्या पद्धतीचा बल्ब जालन्याहून मागवला. नानासाहेबांच्या मिस्तरीने इंजिन सुरू केलं आणि दिव्याने अशी झोकात मान हलवली की समोरचा चहावाला किटली घेऊन तसाच धावत आला. मी नाचायचीच बाकी होते. नानासाहेब म्हणाले, चला, एक चक्कर मारू. जालना रोडला लागलो, त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि दिवा थांबला. पाय उचलला की मान हलवतो. दाबला की ठप्प. चार वेळा करून पाहिलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हे यंत्र विजेवर चालतच नाही. इंजिन हवा आत ओढतं, त्याच ओढीवर नळीतून ते चालतं. गाडी उभी असली की ओढ जोरात असते. गाडीला रेस दिली, ती चढाला लागली, की नळीतली ओढ मरते. म्हणजे पळायचं असेल तेव्हा दिवा उभा राहणार आणि उभं राहिलं की नाचणार. पोलिसाच्या गाडीला ह्याहून उलटा दिवा कुणी देऊ शकलं नसतं.

तात्या चुकले होते. हे तीन शब्द लिहायला मला फार जड गेले. ज्यांच्याशी ज्यांच्याशी मी ह्यावरून भांडले, ती सगळी माणसं डोळ्यांपुढे येऊन गेली.

संध्याकाळी तात्यांनी विचारलं, "मघाशी कसला आवाज होता?"

"टेम्पो होता," मी म्हटलं.

"विलिजचं इंजिन ठेवलंय वाटतं टेम्पोत," ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले.

१६ जानेवारी, शुक्रवार

ठरवलं. भंगार बाजारातून विजेवर चालणारी वायपरची मोटर आणली. डॅशबोर्डखाली लपवून बसवायची आणि दांडीने दिव्याला जोडायची. बाहेरून काही दिसणार नाही. घाट चढताना नंदीबैल सगळ्यांसमोर मान हलवील आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांची टिंगल एका सकाळीत बंद होईल. खोटं आहे, कबूल. पण ज्यांनी हसून घेतलं ते तरी कुठे मोठे खरे होते.

तात्यांना कळायचा प्रश्न नाही. ते जीपकडे बघतही नाहीत. दोन दिवस त्यांची खुर्ची खिडकीशी आलेली दिसतेय, पण ती झाडूवाल्या बाईने सरकवली असणार.

१७ जानेवारी, शनिवार

घरात वादळ झालं. सगळं नीट लिहिते.

मी जीपमध्ये वाकून मोटर बसवत होते. मागून आवाज आला, "हे काय लावतेस?"

तात्या अंगणात उभे. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. म्हटलं, "तात्या, तुमचा दिवा रेस दिली की थांबतो. तो चालणारच नाही. इंजिनाची ओढ मरते."

मला वाटलं, हे ऐकून ते मटकन खाली बसतील. तर ते उसळलेच. "हे तू मला शिकवतेस? ओढ मरते हे मला त्रेपन्न साली कळत नव्हतं? शहागंजातला शेंबडा पोरगाही सांगेल. म्हणून तर डबा लावला होता."

"कसला डबा?"

त्यांनी धोतर गुडघ्यांवर घेतलं, डाव्या अंगाने जीपखाली वाकले आणि तसेच राहिले. बराच वेळ. मला वाटलं कंबर धरली. मी हात द्यायला गेले, तर खालूनच म्हणाले, "भानू, माझा डबा कुठंय?"

तिथे दोन लोखंडी पट्टे आहेत, गोल वळवलेले, मधे काहीच नाही. नळीला एक फाटा आहे आणि त्यात बाभळीच्या काडीची खुंटी ठोकलेली आहे. खुंटी मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. कुणीतरी गळती बंद केली असेल म्हणून सोडून दिली होती.

मग त्यांनी सांगितलं. तांब्याच्या जाड पत्र्याचा बंद डबा. गाडी सपाटीवर निवांत चालली असली की इंजिन त्या डब्यातली हवा ओढून घेतं आणि मधली झडप ती परत आत जाऊ देत नाही. पुढे चढ लागला, इंजिनाची ओढ मेली, की डबा ओढतो आणि दिवा चालत राहतो. डब्यात काही भरायचं नाही. तो रिकामा असतो तेव्हाच कामाचा. एवढं साधं. आणि मी, त्यांची मुलगी, त्यांना न विचारता त्यांना चुकीचं ठरवून बसले होते.

"मला वाटलं उन्हाने रबर सैल पडलं असेल," तात्या म्हणाले. "जीप एकदा बघू दिली असती तर तेव्हाच कळलं असतं. इतकी वर्षं मी रबराला शिव्या देतोय."

मग त्यांची नजर माझ्या हातातल्या मोटरवर गेली. "आणि तू माझ्या नावावर खोटा दिवा मिरवणार होतीस."

तेव्हापासून अबोला.

२१ जानेवारी, बुधवार

मोटर काढून टाकली. तात्या अजून बोलत नाहीत. भाजीत मीठ कमी असलं तरी बोलत नाहीत, म्हणजे राग खरा आहे.

काल नळीवरची ती झडप उघडली होती. आतलं चामडं पार कुजलंय असं मला वाटलं आणि आज मोंढ्याच्या बाजारातून नवं आणायचं ठरवलं होतं. सकाळी पाहते तर चामडं अगदी धडधाकट, मऊ, मस्त कापलेलं. संध्याकाळच्या उजेडात मला नीट दिसलं नसणार. आता मलाही चष्मा लागणार. एक मात्र खरं, जुन्या काळचं चामडं ते जुन्या काळचं. इतक्या वर्षांनी तुळतुळीत.

शेजारच्या कुत्र्याने माझी नवी चप्पल कुरतडली. तीही टाचेजवळ बरोबर रुपयाएवढी गोल. शेजाऱ्यांशी भांडून आले. ते म्हणतात कुत्रा दोन दिवस गावाला आहे. कुत्रा गावाला जातो हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

नानासाहेब डब्याचा शोध घेताहेत. ह्या जीपवरचा तेव्हाचा ड्रायव्हर बिडकीनला राहतो, कारभारी नावाचा, एवढं समजलंय. डबा मिळाला नाही तर नवा करता येईल, पण मग तो मूळ सामानात धरणार नाहीत. आणि मला आता तोच डबा हवाय. तो कुठे गेला हे कळल्याशिवाय तात्यांना चिकटलेलं नाव सुटत नाही.

२५ जानेवारी, रविवार

नानासाहेबांबरोबर बिडकीनला जाऊन आले. आल्या आल्या लिहायला बसले.

कारभारी सत्तरीपुढचे, पण ताठ. त्यांच्या बायकोने, दगडाबाईंनी, ओसरीवर बसवलं. "आधी पाणी घ्या, मंग बोला." कोपऱ्यात दोन दगडांवर तांब्याचं एक लांबोळं भांडं आडवं ठेवलेलं, त्याला पितळी तोटी. त्यातून तांब्या भरून दिला. पाणी मस्त गार. मी दुसरा तांब्या मागितला, आणि तो भरताना माझं लक्ष भांड्याच्या सांध्याकडे गेलं. तात्या सांधा संपवताना डाखाचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा, एक थेंब ठेवतात आणि त्यावर आडवी रेघ ओढतात. कुणालाच दिसत नाही, पण त्यांना त्याशिवाय काम संपल्यासारखं वाटत नाही. तो थेंब आणि ती रेघ तिथे होती.

मी तात्यांचा डबा पीत होते.

"हे भांडं कुठलं हो?" मी विचारलं.

"ह्ये व्हय? पोलिसाचं हाय," दगडाबाई कौतुकाने म्हणाल्या. "मालक जीपवर हुते तवाचं. लई गुणाचं बगा. बैसाखात बी पाणी तापत नाय."

कारभारी सांगायला लागले. "पैठण रोडला बंदोबस्त आसायचा. वरून आग, खाली फुफाटा, पाण्याचा थेंब नाय. पोरं नुसती तळमळायची. येक दिस गाडीखाली बगितलं तर ह्ये आडकिवलेलं. तांब्याचं भांडं, आन् आतून कोरडं ठक्क. म्या म्हनलं, सरकारनं आपल्या पाण्याची सोय केली आन् भरायचं इसरलं. तांबं दुसऱ्या कशाला वापरत्यात का कुटं? नळी उपसली, काडी ठोकली, तोटी बसिवली. समद्या पोरांनी दुवा दिला. म्होरं माजी बदली झाली तवा ह्ये घरी घिऊन आलो."

नानासाहेबांना हसू आवरेना. मी विचारलं, "कारभारीमामा, दिवा कधीपासून अडायला लागला?"

"दिवा ना, दिवा पैल्यापासनं..." ते बोलता बोलता थांबले. भांड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "नाय. पैल्यांदा चांगला चालायचा. त्यो उन्हाळ्यात..." हळूच खाली बसले आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी कोण ते तेव्हा सांगितलं. डबा रिकामा का होता तेही सांगितलं. मग कारभारी म्हणाले, "फौजदारानं त्यांला चौकात बोल लावला तवा म्या तितंच हुतो. म्या बी हासलो हुतो."

माझ्या मनात राग शोधला. सापडला नाही. तहानलेल्या पोरांना पाणी पाजलं त्यांनी, दुसरं काय केलं.

दगडाबाई डबा द्यायला तयार नव्हत्या. मग पाणी कशात ठेवू, त्यांचा सरळ सवाल. नानासाहेबांनी नवा तांब्याचा हंडा कबूल केला तेव्हा कुठे त्यांनी तो पालथा केला. कारभारींनी निघताना दोन गोष्टी मागितल्या. फेरीच्या दिवशी जीप त्यांनी चालवायची. आणि तात्यांना त्यांचं नाव आताच सांगायचं नाही. "म्या सांगीन माज्या तोंडानं. तवर तुमी ऱ्हाऊ द्या."

२६ जानेवारी, सोमवार

डबा न बोलता तात्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी आधी चष्मा काढला, मग पुन्हा घातला, मग सांध्यावरून बोट फिरवलं. रेघेपाशी बोट थांबलं.

"ही तोटी काढावी लागेल," ते म्हणाले.

अबोला सुटला.

"पाणी भरलं होतं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"हो."

"कुणी?"

"पोलिसांतलंच कुणीतरी," मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. आतला क्षार चिंचेच्या पाण्याने काढला, तोटीचं भोक त्यांनी स्वतः बुजवलं. मला डाख हातात घेऊ दिला नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

डबा कुठूनतरी हवा घेतोय. काल दिवा चढावर जेमतेम टिकला आणि मेला. पंपाने हवा भरून, वर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतोय. मी थकलेय आणि घाबरलेय. सगळं खरं असूनही दिवा अडला तर काय? लोक कारण ऐकत नाहीत, दिवा बघतात. तात्या म्हणतात, "अडला तर अडला. पण खरा अडेल."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गळती सापडली. डब्यात नव्हती, मी लावलेल्या नव्या रबरी नळीत होती. तात्यांनी रबराला शिव्या दिल्या, पण ह्या वेळी हसत.

८ फेब्रुवारी, रविवार

आज मला लिहायला हवं तेवढं लिहिणार आहे.

लाल दिवा लावायची पोलिसांकडून एका दिवसाची परवानगी होती. कारभारी खाकी सदरा घालून आले, तो आता त्यांना ढगळ होत होता. मी ओळख करून दिली, "हे ह्या जीपचे ड्रायव्हर." तात्यांनी मान हलवली आणि शेजारी जाऊन बसले. मागे मी आणि नानासाहेब. चौकात काय काय गाड्या होत्या. बिस्किटाच्या रंगाची फियाट, दाराएवढ्या मडगार्डांची एक परदेशी मोटार, तिला पुसायला दोन माणसं. आमच्या जीपवर अजून कडब्याचा वास होता. पण इंजिन सुरू झालं आणि दिव्याने मान हलवली, तेव्हा सगळी पोरंटोरं आमच्याकडे धावली.

छावणी, पडेगाव, मिटमिटा, सगळं सुरळीत. किल्ला मागे पडला आणि घाट लागला. पंच स्कूटरवरून शेजारून येत होते. चढ उभा होत गेला, इंजिन कण्हायला लागलं, कारभारींनी पाय दाबला. दिवा चालत होता. पहिलं वळण झालं. दिवा चालत होता, पण जरा संथ झाला. माझं काळीज त्याच्याबरोबर डावीकडे जायचं आणि उजवीकडे परत यायचं.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज उतरला आणि दिवा एकदम जोरात हलायला लागला. कारभारींनी पाय उचलला होता. दिवा अडू नये म्हणून.

तात्या गरजले, "पाय उचलू नको. दाब."

"तात्यासाहेब, त्यो आडंल..."

"अडू दे. दाब म्हणतो ना. पूर्ण दाब."

कारभारींनी दाबला. जीप ओरडत वर निघाली. दिवा पुन्हा संथ झाला, पण थांबला नाही. पुढे एसटी होती, खच्चून भरलेली, आख्खा रस्ता अडवून रांगत होती. एसटी घाटात कुणासाठी बाजूला होत नाही. तिच्या आरशात लाल उजेड डावीकडून उजवीकडे गेला, उजवीकडून डावीकडे आला. मग ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढला, गाडी कडेला घेतली आणि आम्हाला वाट दिली. खिडक्यांतून माणसं हात हलवत होती. आम्ही तिच्या पुढे निघालो, घाटातल्या जुन्या कमानीतून वर गेलो, चढ संपला, आणि दिवा चालतच होता.

नानासाहेब मागे असे ओरडले की दरीतून आवाज परत आला. मी रडत होते. धूळ वगैरे काही नव्हती, मी सरळ रडत होते. दोन्ही हातांनी काचेची चौकट धरून तात्या वर दिव्याकडे बघत बसले होते.

वेरूळला करंडक आम्हालाच मिळाला. पंचांनी माइकवर विचारलं की ह्या दिव्याबद्दल कुणी दोन शब्द सांगेल का. मी तात्यांकडे पाहिलं. पण पुढे झाले ते कारभारी. समोर आजी-माजी पोलीस बरेच होते. त्यांनी टोपी काढली.

"ह्या दिव्याला शिपायांनी लई नावं ठिवली. म्या बी ठिवली," ते म्हणाले. "दिव्यात खोट नव्हती. त्याचा डबा म्या काढला आन् त्यात पाणी भरलं. म्याच. त्या पायी ट्रक ग्येला, आन् बोल ह्यांनी खाल्ला. आज समद्यांम्होरं सांगतो."

कुणी हसलं नाही. सगळे तात्यांकडे बघायला लागले. मला भीती वाटली, कारण तात्यांचा राग मला माहीत आहे. ते सावकाश उठले, कारभारींपाशी गेले आणि त्यांच्या हातातली टोपी घेऊन त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"मे महिना होता," ते म्हणाले. "पोरांना तहान लागणारच. मी असतो तर मीही भरलं असतं." मग थोडं थांबून, "डब्यावर लिहायला पाहिजे होतं, पाणी भरू नये. तेवढी चूक माझी."

माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. एक म्हातारा जमादार उभा राहिला आणि त्याने तात्यांना सलाम ठोकला. मग दुसरा उठला. मग मला मोजायचं सुचलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मला जाग आली ती खडखड आवाजाने. बाहेर येऊन पाहते तर तात्या माझ्या आधी दुकानात. टेबलावर आपला टेबलफॅन, पार उघडलेला, पाती एकीकडे, मान एकीकडे, आणि ते पेन्सिलीने कागदावर काहीतरी रेघोट्या ओढताहेत. हा फॅन बिघडलेला नव्हता.

"काय करताय तात्या?"

"अजून ठरलं नाही," ते म्हणाले. मान वर केली नाही. "डोक्यात एक आलंय. जरा पक्कड दे, आणि मला आज गिऱ्हाइकांत बोलवू नकोस."

मी पक्कड दिली आणि दुकान उघडलं.